पिनकोड मूळ संख्या आहे का? साध्या कॅल्क्युलेटरवर पक्का निकाल लावायची रीत

विज्ञान प्रदर्शनासाठी ‘आपल्या गावाचा पिनकोड मूळ आहे की संयुक्त’ हा प्रकल्प मुलं आवडीने घेतात. निकाल मात्र बहुतेक वेळा चुकतो, आणि तो एकाच ठिकाणी चुकतो. गुहागरचा ४१५७०३ घ्या. २ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिला तरी बाकी उरतेच. इथवर आलं की वही मिटली जाते आणि तक्त्यावर ‘मूळ’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो १५१ × २७५३ आहे.

भागून कंटाळा आला म्हणून संख्या मूळ ठरत नाही. संयुक्त म्हणायचं तर विभाजक किंवा फसलेली चाचणी दाखवावी लागते. मूळ म्हणायचं तर दाखला, म्हणजे कुणालाही तपासता येईल असा पुरावा, लागतो, आणि सहा आकडी संख्येचा दाखला दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तयार होतो. तो पेणच्या ४०२१०७ वर शेवटपर्यंत करून दाखवतो. गणपतीच्या मूर्तींसाठी पेण सगळ्यांना ठाऊक आहे, तिथला पिनकोडही बघण्यासारखा आहे.

## तयारी

कॅल्क्युलेटर बारा आकडी हवा. किराणा दुकानात, बँकेत असतो तो, एम प्लस, एम मायनस आणि एमआर ही बटणं असलेला. सौर आणि सेल दोन्हीवर चालणारा असेल तर पावसाळ्यात लाईट गेली तरी काम अडत नाही.

सावधान : दहा आकडी सायंटिफिक कॅल्क्युलेटर इथे दगा देतो. मधले वर्ग अकरा आकडी येतात, पडद्यावर ते दहाच्या घातात दिसतात आणि शेवटचा आकडा दिसत नाही. बाकी काढताना नेमका तोच आकडा लागतो. महागडं यंत्र म्हणजे चांगलं यंत्र, हा समज या कामापुरता बाजूला ठेवा.

दुसरी गरज म्हणजे ६५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. ती छापील मिळाली तरी एकदा स्वतः चाळणी लावून करा, कारण उतरवताना ९१, ११९, १३३, १४३, २२१ या संयुक्त संख्या यादीत हमखास घुसतात. (९१ म्हणजे ७ × १३, ११९ म्हणजे ७ × १७.) त्या घुसल्या तर फक्त कष्ट वाढतात. खरी मूळ संख्या गळली तर निकालच जातो. मोजून पाहा : १०० पर्यंत २५ आणि ६०० पर्यंत १०९ यायला हव्यात.

तिसरी गरज चार रकाने आखलेलं पान. रकान्यांची नावं घातांक, वर्ग, भागाकाराचा पूर्णांक, बाकी. सुट्या कागदांवर केलेलं गणित पुन्हा तपासता येत नाही.

## पायरी १ : कुठवर भागायचं ते आधी ठरवा

संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक विभाजक वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही विभाजक वर्गमुळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता.

पेणसाठी ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा ४०३२२५. म्हणून मर्यादा ६३४, आणि तिथवर ११५ मूळ संख्या आहेत. गुहागरसाठी ६४४ चा वर्ग ४१४७३६ आणि ६४५ चा ४१६०२५. मर्यादा ६४४, मूळ संख्या ११७.

हा आकडा पानाच्या डोक्यावर ठळक लिहा. शंभरला थांबण्याची चूक होते ती मर्यादा लिहिलेली नसते म्हणून.

## पायरी २ : फुकटात जाणाऱ्या संख्या आधी घालवा

शेवटचा आकडा सम किंवा ५ असेल तर काम संपलं. रत्नागिरी ४१५६१२, मालवण ४१६६०६, वेंगुर्ला ४१६५१६, गणपतीपुळे ४१५६१५ हे इथेच बाद होतात. मग अंकांची बेरीज करा. देवगडचा ४१६६१३, बेरीज २१, म्हणजे ३ ने जातो. अलिबागच्या ४०२२०१ ची बेरीज ९, तोही गेला.

यापुढची युक्ती शाळेत क्वचितच सांगतात. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार १००१. म्हणून सहा आकडी संख्येचे तीन-तीन आकड्यांचे दोन तुकडे करायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. वजाबाकी ७, ११ किंवा १३ ने गेली तर ती सहा आकडी संख्याही त्याच विभाजकाने जाते, नाही गेली तर नाही. एका वजाबाकीत तीन चाचण्या होतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचा पिनकोड ४१५७०९. ७०९ उणे ४१५ म्हणजे २९४, आणि २९४ म्हणजे ७ × ४२. खेड संयुक्त. गुहागरची वजाबाकी २८८ येते, ती तिघांपैकी कुणानेच जात नाही. पेणची २९५, तीही नाही.

तपासा : वजाबाकी शून्य आली तर संख्या ७, ११, १३ या तिघांनीही जाते. शून्य दिसलं की ‘काहीच उरलं नाही, पुढे चला’ म्हणून ओळ सोडून देणारेही भेटतात.

## पायरी ३ : क्रमाने भागा, पण शिस्तीत

आता १७ पासून यादी धरा. मुरूडचा ४०२४०१ लगेच १९ वर सापडतो (१९ × २११७९), लांज्याचा ४१६७०१ हा २९ वर (२९ × १४३६९) आणि महाडचा ४०२३०१ हा ३७ वर (३७ × १०८७३). भागाकारात दशांश चिन्हानंतर काही आलं नाही की विभाजक सापडला. लगेच उलट गुणाकार करून खात्री करायची आणि मगच लिहायचं.

भागून झालेल्या संख्येवर यादीत टिंब द्या. ‘जवळपास सगळ्या बघितल्या’ या वाक्याला इथे काही किंमत नाही. गुहागरचा विभाजक १५१ हा यादीत छत्तिसावा आहे. चौतिसाव्याला थांबला असतात तर तक्ता चुकलाच असता. २७५३ मूळ आहे हे वेगळं तपासायचं, पण त्याची मर्यादा ५२ असल्याने ते पाच मिनिटांचं काम.

१५० पर्यंत विभाजक मिळाला नाही की भागणं थांबवून मी पुढच्या पायरीवर जातो. ११५ भागाकार पूर्ण करूनही निकाल लागतो, त्यात चूक काही नाही. पण एवढ्या भागाकारांत एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं तर ते कुठे कळत नाही. पुढच्या रीतीत चूक झाली तर ती बहुधा शेवटी उघडी पडते.

## पायरी ४ : दोनच्या घातांची बाकी

पाया असा आहे. संख्या मूळ असेल (आणि २ नसेल), तर २ चा ‘संख्या उणे एक’ इतका घात घेऊन तिनेच भागल्यावर बाकी १ उरते. हा फर्माचा छोटा सिद्धांत. बाकी १ सोडून काहीही आली तर संख्या नक्की संयुक्त, मग विभाजक माहीत नसला तरी.

पेणसाठी २ चा ४०२१०६ वा घात हवा. तो घात प्रत्यक्ष लिहायला गेलं तर लाखभर आकडे होतील. म्हणून प्रत्येक टप्प्यावर फक्त बाकी ठेवायची.

अ) घातांक निम्मा करत खाली या. विषम आला तर अर्धा टाकून द्या.

४०२१०६, २०१०५३, १००५२६, ५०२६३, २५१३१, १२५६५, ६२८२, ३१४१, १५७०, ७८५, ३९२, १९६, ९८, ४९, २४, १२, ६, ३, १.

आ) हीच रांग आता उलटी, खालून वर चढा. प्रत्येक पायरीला आधीच्या बाकीचा वर्ग करा. नवा घातांक सम असेल तर तेवढंच. विषम असेल तर वर्गाची बाकी काढून तिची दुप्पट करा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. दुप्पट विसरली जाते, किंवा दुप्पट करून मग वर्ग केला जातो. क्रम कायम वर्ग, बाकी, मग दुप्पट.

इ) बाकी निम्म्याहून मोठी आली तर संख्या वजा करून ऋण करा. पेणला २०१०५३ च्या वर गेलेली बाकी ४०२१०७ वजा करून ऋण लिहायची. आकडे लहान राहतात, वर्ग अकरा आकड्यांत बसतो, आणि वर्ग करताना ऋण चिन्ह आपोआप जातं.

एक ओळ पूर्ण करून दाखवतो, २४ वरून ४९ वर जाताना. २४ व्या घाताची बाकी −१११२७८. तिचा वर्ग १२३८२७९३२८४. त्याला ४०२१०७ ने भागल्यावर पूर्णांक ३०७९४. ३०७९४ × ४०२१०७ = १२३८२४८२९५८. वजा करून ३१०३२६. निम्म्याहून मोठी, म्हणून −९१७८१. आणि ४९ विषम, म्हणून दुप्पट : −१८३५६२.

बटणांचा क्रम : वर्ग करून एम प्लस, तोच वर्ग भागिले ४०२१०७, पूर्णांक कागदावर, पूर्णांक गुणिले ४०२१०७ करून एम मायनस, शेवटी एमआर. पुढच्या ओळीआधी मेमरी रिकामी करा. मेमरीत जुना आकडा राहिला की पुढची सगळी रांग बिघडते.

पेणची पूर्ण रांग अशी येते :

१२ : ४०९६
२४ : −१११२७८
४९ : −१८३५६२
९८ : ४९६७२
१९६ : −२०९६८
३९२ : १५४०७३
७८५ : −१९६९३९
१५७० : १४११४३
३१४१ : −७९१९७
६२८२ : ९९८२३
१२५६५ : ३५५२४
२५१३१ : −११६४८७
५०२६३ : −१६११९९
१००५२६ : १५९०४७
२०१०५३ : −१
४०२१०६ : १

प्रत्येक ओळीला तपासा : नऊ काढून टाकण्याची जुनी रीत इथे उपयोगी पडते. १००५२६ च्या ओळीत १६११९९ चा वर्ग आहे. अंकांची बेरीज २७, म्हणजे नवाच्या हिशेबात शून्य, वर्गही शून्य. पूर्णांक ६४६२२ ची बेरीज २०, म्हणजे २. भाजक ४०२१०७ ची बेरीज १४, म्हणजे ५. दोन पंचे दहा, म्हणजे १. बाकी १५९०४७ ची बेरीज २६, म्हणजे ८. एक आणि आठ नऊ, म्हणजे शून्य. जुळलं. अंकांची अदलाबदल (१५९०४७ ऐवजी १५९०७४) या तपासणीत सापडत नाही, तेवढी नजर ठेवा.

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. मधे एक अंक चुकला असता तर इतक्या ओळींनंतर −१ आणि १ योगायोगाने येणं जवळपास अशक्यच. रांग शेवटी सुबक झाली की गणित बरोबर आहे असा भरवसा ठेवता येतो. भागाकारांच्या रीतीत असा भरवसा कुठेच मिळत नाही.

सरावासाठी गुहागर करा. १२ ला ४०९६, २५ ला −११७५११, आणि ४१५७०२ ला शेवटी १९९२९७ यायला हवं. एक आलं नाही, म्हणून संयुक्त. इथे १५१ चं नावही आलेलं नाही, तरी निकाल पक्का. ‘विभाजक दाखवा, तरच मानू’ म्हणणारे परीक्षक असतील तर त्यांच्यासाठी पायरी ३ चालू ठेवायची, एवढंच.

## पायरी ५ : एक आला म्हणून उड्या मारू नका

३४१ घ्या. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३४१ × ३ आणि वर १. साहजिकच ३४० व्या घाताचीही बाकी १. आणि ३४१ म्हणजे ११ × ३१. ५६१ तर याहून बेरकी : ३, ११ आणि १७ ने न जाणारा कोणताही पाया (ज्या संख्येचे घात घेतो ती, आतापर्यंत २) घेतला तरी ५६१ ही चाचणी पास होतो.

म्हणून शेवटच्या एकाकडे बघून थांबायचं नाही, त्याच्या आधीची ओळ बघायची. मूळ संख्येच्या बाबतीत ज्याचा वर्ग १ येतो अशा बाक्या दोनच, १ आणि −१. ३४१ ला १७० व्या घाताची बाकी १ येते आणि ८५ व्या घाताची ३२. ३२ चा वर्ग १ झाला, पण ३२ हा ना १ आहे ना −१. चोरी पकडली गेली. शिवाय ३२ मधून एक वजा केला तर ३१, एक मिळवला तर ३३, आणि या दोन्हींचा ३४१ शी मसावि काढला की ३१ आणि ११ हातात येतात.

पद्धत अशी बसवा. संख्या उणे एक याला २ ने जितक्या वेळा भाग जातो तितक्या वेळा भागा, म्हणजे विषम भाग उरेल. पेणला एकदाच भागलं की २०१०५३ विषम. मुरूडच्या ४०२४०० ला पाचदा भाग जाऊन १२५७५ उरतो. रांगेत या विषम भागाच्या ओळीवर बाकी १ किंवा −१ हवी. नसेल, तर तिच्या पुढच्या (पण शेवटच्या आधीच्या) एखाद्या ओळीवर −१ हवी. यातलं काहीच नसेल तर संयुक्त. पेणला २०१०५३ वर −१ आहे, म्हणजे पास.

हीच चाचणी ३ पाया घेऊन पुन्हा करा. फरक एवढाच की विषम ओळीला दुप्पट करण्याऐवजी तिप्पट करायची. पेणला २०१०५३ वर या वेळी १ येईल. १३७३६५३ पेक्षा लहान असलेली कोणतीही विषम संयुक्त संख्या २ आणि ३ या दोन्ही पायांवर एकाच वेळी फसवू शकत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. पिनकोड सहा आकडी, म्हणून दोन्ही पाया पास झाले की तो मूळ.

सावधान : ही मर्यादा ‘दोन्ही पाया’ यासाठी आहे. एकट्या २ वर २०४७ (२३ × ८९) ही कडक चाचणीही पास करून जाते.

## पायरी ६ : दाखला

दुसऱ्या कुणी तपासून ठेवलेल्या मर्यादेवर विसंबायचं नसेल तर हा मार्ग. मला हाच आवडतो, कारण तक्त्यासमोर उभं राहून तो शेवटपर्यंत समजावता येतो.

१. संख्या उणे एक याचे अवयव पाडा. ४०२१०६ = २ × १०७ × १८७९. इथे १८७९ मूळ आहे (मर्यादा ४३, चटकन तपासून होतं) आणि ती ६३४ हून मोठी आहे. वर्गमुळाहून मोठा असा मूळ अवयव मिळणं ही या रीतीची अट. नाही मिळाला तर सापडलेल्या अवयवांचा गुणाकार वर्गमुळाहून मोठा व्हावा लागतो आणि प्रत्येकासाठी पुढची तपासणी वेगळी करावी लागते.

२. ४०२१०६ ला १८७९ ने भागा : २१४. आता २ च्या २१४ व्या घाताची बाकी काढा. रांग १३ : ८१९२, २६ : −४३००५, ५३ : −१२२२४३, १०७ : ९९३२३, २१४ : १६७२९८.

३. तिच्यातून १ वजा करा : १६७२९७. याचा ४०२१०७ शी मसावि काढा. भागाकाराच्या रीतीने बाक्या येतात ६७५१३, ३२२७१, २९७१, २५६१, ४१०, १०१, ६, ५, १. मसावि १.

४. पायरी ४ मधली शेवटची बाकी १ होती. तीही या दाखल्याचा भाग आहे.

आता युक्तिवाद. समजा ४०२१०७ ला एखादा मूळ विभाजक आहे. त्याने भागलं तर २ च्या ४०२१०६ व्या घाताची बाकी १, पण २१४ व्या घाताची १ नाही, कारण मसावि १ आला. २ चे घात घेत गेल्यावर बाकी पहिल्यांदा १ कोणत्या घाताला येते, तो घातांक ४०२१०६ ला भागतो पण २१४ ला भागत नाही. म्हणून त्यात १८७९ हा अवयव असलाच पाहिजे. तो घातांक ‘विभाजक उणे एक’ यालाही भागतो. म्हणजे विभाजक १८७९ हून मोठा. पण संयुक्त संख्येला ६३४ च्या आत विभाजक असतोच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून ४०२१०७ मूळ.

इथली नेहमीची चूक म्हणजे अवयव सुंदर पडले की पुढचं न करता निकाल लिहून टाकणं. गुहागरचं ४१५७०२ हे २ × ७ × २३ × १२९१ आहे, आणि १२९१ मूळ असून वर्गमुळाहून मोठीही आहे. अट पुरी झाली, पण चाचणीत बाकी १९९२९७ आली. अवयव म्हणजे नुसती साधनं, निकाल घातांची बाकी देते.

## पायरी ७ : मूळ ठरल्यावरच गुणधर्म

तक्त्यावर गुणधर्म आधी आणि सिद्धता नंतर, असा उलटा क्रम लावला की संयुक्त संख्येवर मूळ संख्येचे नियम चालवले जातात. म्हणून हे शेवटी.

शेवटचे दोन आकडे ०७, म्हणजे ४ ने भागून बाकी ३. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही. तेव्हा पेणसाठी शोधत बसू नका. बाकी १ असती तर नेमक्या एका प्रकारे लिहिता आली असती. गुहागरच्या अवयवांतला २७५३ तसा आहे : ५२ चा वर्ग २७०४, ७ चा वर्ग ४९, बेरीज २७५३.

२ चे घात किती काळ नवे राहतात? १ पुन्हा येण्याचा पहिला घातांक ४०२१०६ चा विभाजक असणार, म्हणून १, २, १०७, २१४, १८७९, ३७५८, २०१०५३ आणि ४०२१०६ हेच उमेदवार. तपासायला तीनच पुरतात : २१४ वर १६७२९८, ३७५८ वर १८२७७७, २०१०५३ वर −१. कुठेच १ नाही, म्हणून पहिला १ थेट ४०२१०६ वर. म्हणजे २ चे घात घेत गेलात तर १ ते ४०२१०६ मधली प्रत्येक संख्या एकेकदा बाकी म्हणून येते. सगळ्या मूळ संख्यांना २ हे जमत नाही.

१ भागिले ४०२१०७ केलं तर दशांशात किती आकड्यांनी आवर्तन येईल? इथे ‘नेहमी संख्या उणे एक’ असं ठोकून देतात. १/७ ला सहा आकडे येतात, त्यावरून हा समज पसरतो. खरं उत्तर १० च्या घातांत असतं. पेणला २ आणि ५ या दोन्ही संख्या कोणत्याही वर्गाची बाकी म्हणून येत नाहीत, आणि अशा दोहोंचा गुणाकार १० मात्र येतो. त्यामुळे १० च्या २०१०५३ व्या घातालाच बाकी १ मिळते. १०७ व्या घाताला ४६११६ आणि १८७९ व्या घाताला २३८६५६, म्हणून त्याआधी १ नाही. आवर्तन २०१०५३ आकड्यांचं, म्हणजे निम्मं.

विल्सनचा नियम (एकापासून संख्या उणे एकपर्यंतच्या गुणाकारात एक मिळवला की संख्येने भाग जातो) तक्त्यावर शोभतो, तपासायला घेऊ नका. चार लाख गुणाकार करावे लागतील, त्यापेक्षा ११५ भागाकार परवडले.

## सहा आकड्यांच्या पुढे

दहा आकडी संख्येचा वर्ग वीस आकडी होतो, तिथे हा कॅल्क्युलेटर संपला. एक्सेलही नको : ते पंधरा आकड्यांपुढचे अंक शून्य करून टाकतं आणि तसं सांगतही नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा घ्या. त्यातल्या पाऊ (pow) या फलनाला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे एकत्र द्या. आधी घात काढून मग बाकी काढायला सांगितलंत तर यंत्र तेवढा मोठा आकडा लिहीत बसेल. दहा आकडी संख्यांना २, ३, ५, ७, ११ हे पाच पाया पुरतात. त्यांची मिळून मर्यादा २१५२३०२८९८७४७ आहे. मोबाईल नंबर तपासायचा मोह होतोच, पण तो कुणाचा तरी असतो. तक्त्यावर लावू नका.

२ च्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांना वेगळी, फार सोपी चाचणी आहे. घातांक विषम मूळ हवा. ४ पासून सुरू करा, दर वेळी वर्ग करून २ वजा करा आणि संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे करून शून्य आलं तर मूळ, नाही तर संयुक्त. सातव्या घाताच्या १२७ साठी : ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच वेळा केलं, शून्य आलं. एकतिसाव्या घाताच्या २१४७४८३६४७ ला हेच एकोणतीस वेळा करायचं, आणि तीही मूळ आहे.

घातांक मूळ असणं पुरेसं नाही, हे इथे रोज विसरलं जातं. ११ मूळ आहे, पण अकराव्या घातातून आलेली संख्या पायरी ५ मधली २०४७ आहे. आणि ही चाचणी फक्त याच घराण्याला लागू. पिनकोडवर ती चालवून ‘शून्य आलं नाही, म्हणून संयुक्त’ असं लिहिलेला तक्ता दिसला तर पायरी ४ पासून पुन्हा करायला लावा.